हिरड्यांचे कोडे आणि परळची प्रयोगशाळा

वसई-विरारमधल्या दातांच्या दवाखान्यांत अधूनमधून एक वेगळा रुग्ण येतो. शाळकरी मूल किंवा विशीतला तरुण. दात किडलेले नसतात, दुखतही नसतात. तक्रार असते ती हिरड्यांची. समोरच्या दातांमधल्या फटींतून हिरडी फुगून खाली उतरलेली, काही ठिकाणी अर्धा दात झाकून टाकलेला. ब्रश लावला की रक्त येते. हसायची लाज वाटते म्हणून पोर तोंडावर हात ठेवून बोलते. डेंटिस्ट आधी विचारतो, कोणती गोळी चालू आहे का? घरचे थोडे घुटमळतात. आकडीची गोळी चालू आहे हे चारचौघांत सांगायचे नसते. मग हळूच सांगितले जाते की दोन वर्षांपासून फिटची गोळी सुरू आहे. ती बहुधा फेनिटोइन असते. आपल्याकडे एप्टॉइनसारख्या नावांनी मिळणारी, स्वस्त आणि म्हणूनच सरकारी रुग्णालयांपासून खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत सगळीकडे लिहून दिली जाणारी.

ही गोळी आकडी थांबवते आणि काहींच्या हिरड्या वाढवते. असे का होते, याच्या उत्तराचा एक मोठा धागा वसईहून लोकलने तासाभरावर असलेल्या परळमध्ये सापडलेला आहे. तो शोधणाऱ्या बाईंचा दातांशी काही संबंध नव्हता आणि आकडीशीही नव्हता. त्या आल्या होत्या मुंबईतल्या गरोदर गिरणी कामगार बायका रक्त आटून का मरतात हे पाहायला. त्यांचे नाव ल्युसी विल्स.

१० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफिल्ड येथे त्यांचा जन्म झाला. घराण्याचा धंदा विळे-कोयते बनवण्याचा. घर खाऊनपिऊन सुखी, आणि विज्ञानाची आवड असलेले. मुलींना विज्ञान शिकवणाऱ्या मोजक्या शाळांपैकी एक असलेल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात त्यांना घातले गेले. पुढे १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. विषय वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९११ मध्ये परीक्षा झाली, पण पदवी नाही. बायकांनी शिकावे, परीक्षा द्यावी, पण पदवी मागू नये, असा केंब्रिजचा रिवाज १९४८ पर्यंत चालू होता. ज्या विद्यापीठाचे नाव आपल्याकडे आदराने घेतले जाते त्याचा हा हिशेबही लक्षात ठेवायला हवा.

पुढची काही वर्षे घरात पडझडीची गेली. १९११ मध्ये वडील वारले, १९१३ मध्ये थोरली बहीण गेली. ल्युसी आईबरोबर सिलोनला जाऊन आल्या, मग दक्षिण आफ्रिकेला गेल्या. तिथे असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाऊनच्या रुग्णालयात त्यांनी काही आठवडे स्वयंसेविका परिचारिका म्हणून काम केले. परत आल्यावर, जानेवारी १९१५ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांनी लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले.

या महाविद्यालयाचे भारताशी जुने नाते होते. त्याच काळात तिथे मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातल्या जेरुशा झिराड शिकत होत्या. पुण्यात शालेय शिक्षण झालेल्या झिराड पुढे मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. विल्स मात्र १९२० मध्ये डॉक्टर झाल्यावर रुग्ण तपासायला बसल्याच नाहीत. रॉयल फ्री हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त, लघवी आणि परीक्षानळ्या यांतच त्या रमल्या. सायकलवरून कामाला जायचे आणि सुटी मिळाली की डोंगर चढायचे, असा दिनक्रम. लग्न केले नाही.

मुंबईहून बोलावणे आले तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. डॉ. मार्गारेट बाल्फर या स्कॉटिश डॉक्टर भारतात बाळंतपणातल्या मृत्यूंची चौकशी करत होत्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने (आजच्या आयसीएमआरचे हे मूळ रूप) हे काम हाती घेतले होते. गरोदरपणात होणाऱ्या एका विशिष्ट पंडुरोगाचा छडा लावायला प्रयोगशाळेतले कोणीतरी हवे होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाल्या.

त्या वेळचे परळ म्हणजे गिरण्यांचे भोंगे आणि चाळींची दाटी. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात हाफकिन संस्था, आणि जवळच नुकतीच उघडलेली केईएम आणि वाडिया ही रुग्णालये. तिथे बाळंतपणासाठी येणाऱ्या काही बायकांची अवस्था भयंकर असायची. चेहरा पांढराफटक, चार पावले टाकली तरी धाप, पायांवर सूज. या आजारात जीभ लाल, गुळगुळीत, सोलल्यासारखी होते आणि तिखट लागले तरी डोळ्यांत पाणी येते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात, हे ठाऊक होते. इथे उलट चित्र होते. त्यामुळे लोह देऊन भागत नव्हते.

मोठ्या पेशींचा एक पंडुरोग युरोप-अमेरिकेत माहीत होता. १९२६ मध्ये मिनॉट आणि मर्फी या अमेरिकन डॉक्टरांनी रोज भरपूर यकृत खायला घालून तो आटोक्यात आणला होता. मुंबईतला आजार दिसायला तसाच, पण तोच नव्हे, असा विल्स यांना संशय होता.

त्यांनी सुरुवात प्रयोगशाळेतून नव्हे, स्वयंपाकघरातून केली. डॉ. तळपदे यांच्यासोबत त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायका काय खातात, कशा राहतात याची पाहणी केली. ती १९३० मध्ये प्रसिद्ध झाली. घरोघरची ताटे पाहिल्यावर एक गोष्ट स्पष्ट दिसली. ज्यांचे जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांनाच हा आजार सर्वांत जास्त, आणि त्यात गरीब मुसलमान घरांतल्या बायका सर्वांत पुढे. ताटात धान्य होते. फळ, पालेभाजी, दूध नावापुरते. वसईच्या वाड्या मुंबईला लागूनच, तिथली केळी आणि भाजी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या बाजारात येते. पण बाजारात भाजी असणे वेगळे आणि गिरणी कामगाराच्या बायकोच्या ताटात ती पडणे वेगळे.

मग विल्स यांनी या बायकांचेच जेवण उंदरांना घालायला सुरुवात केली. उंदीर पंडुरोगी झाले, गाभण माद्या दिवस भरण्याआधीच मेल्या. आहारात यीस्ट घातले की बिघाड टळायचा. हे सगळे इतके चपखल जुळत होते की कोणीही खूश झाले असते. गंमत अशी की उंदरांच्या पंडुरोगामागे उवांतून पसरणाऱ्या एका जंतूचाही हात होता, हे नंतर उघड झाले. पुरावा अर्धा भलताच होता, दिशा मात्र बरोबर होती. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत असे प्रसंग सहसा गाळले जातात.

उंदरांनंतर माकडे आली. तोच निकृष्ट आहार त्यांना दिला गेला, आणि तीही आजारली. त्यांतले एक माकड फारच खालावले होते. त्याला विल्स यांनी मार्माइट चाटवले. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टपासून बनणारे हे काळे, खारट, चिकट पदार्थाचे भांडे इंग्रजांच्या न्याहारीच्या टेबलावर असते. अनेकांना त्याचा वासही सहन होत नाही. माकड मात्र झपाट्याने सुधारले.

तेच मार्माइट मग परळच्या बायकांना दिले गेले. काही दिवसांतच रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी मोठ्या संख्येने दिसू लागल्या, म्हणजे हाडांतल्या मज्जेने बंद पडलेले काम पुन्हा सुरू केले होते. बायकांना भूक लागू लागली, धाप कमी झाली. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांचा लेख आला. यकृतापेक्षा कितीतरी स्वस्त, साठवायला सोपे आणि तोंडाने घेण्याजोगे औषध हाती लागले होते. त्यात नेमके काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते, म्हणून त्या अज्ञात द्रव्याला पुढे विल्स फॅक्टर असे नाव पडले.

मधल्या काळात त्या कुन्नूरच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि मद्रासच्या रुग्णालयातही काम करून आल्या. १९३३ मध्ये त्या लंडनला परतल्या, पण १९३७ मध्ये पुन्हा काही आठवड्यांसाठी हाफकिनमध्ये आल्या. या खेपेला बोटीने नव्हे, तर पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने, साउदम्प्टनहून टप्प्याटप्प्याने कराचीपर्यंत. याच सुमारास त्यांनी आणखी एक निर्णायक गोष्ट दाखवली. यकृताचा कच्चा अर्क या रुग्णांना बरे करत होता. तोच अर्क शुद्ध करत नेला की मिनॉट यांच्या रुग्णांना तो चालायचा, पण मुंबईसारख्या रुग्णांना उपयोगी पडत नसे. म्हणजे यकृतात दोन वेगवेगळी द्रव्ये होती. एक आज आपण ब-१२ म्हणून ओळखतो. दुसरे विल्स यांचे.

ते दुसरे द्रव्य १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या ढीगभर पानांतून वेगळे केले गेले. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, त्यावरून नाव पडले फोलिक आम्ल. काही वर्षांतच ते प्रयोगशाळेत बनवण्यात लेडर्ले कंपनीतल्या संशोधकांना यश आले. त्यांचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव.

आता पुन्हा त्या आकडीच्या गोळीकडे. विल्स दुसऱ्यांदा मुंबईहून परतल्या त्याच सुमारास, १९३८ मध्ये, बोस्टनच्या मेरिट आणि पटनम या डॉक्टरांनी फेनिटोइन अपस्मारावर चालते हे जाहीर केले. त्याआधीची औषधे रुग्णाला गुंगीत ठेवायची. फेनिटोइनने आकडी थांबे आणि माणूस जागा राही; मुले शाळेत जाऊ लागली. पण वर्षभरातच, १९३९ मध्ये, किम्बॉल या अमेरिकन डॉक्टरांनी नोंदवले की त्यांच्या ११९ रुग्णांपैकी ५७ टक्के जणांच्या हिरड्या वाढल्या आहेत. पुढे १९५०च्या दशकात आणखी एक निरीक्षण पुढे आले. वर्षानुवर्षे या गोळ्या घेणाऱ्या काही जणांच्या रक्तात परळच्या बायकांसारख्याच मोठमोठ्या तांबड्या पेशी दिसत होत्या. फोलिक आम्ल दिले की रक्त सुधारत होते. फेनिटोइन, फिनोबार्बिटोनसारखी औषधे शरीरातले हे द्रव्य कमी करतात, असा त्याचा अर्थ होता.

हिरडीशी त्याचा संबंध असा. हिरडीच्या आत दोरखंडासारखे कोलॅजनचे धागे असतात. ते सतत विणले जातात आणि जुने झालेले सतत तोडले जातात. तोडण्याचे काम करणाऱ्या विकराला पेशींतले फोलेट कमी पडल्यावर चालना मिळत नाही, असे मानले जाते. विणकाम चालू, उसवणे बंद. मग धाग्यांचा गुंता वाढत जातो आणि हिरडी टणक होऊन फुगते. ही एकच बाजू नव्हे. दातांवर साचलेला मळ, तिथली सूज आणि जन्मजात ठेवण यांचाही वाटा मोठा असतो. म्हणूनच एकच गोळी घेणाऱ्या दोन भावांपैकी एकाच्या हिरड्या वाढतात, दुसऱ्याच्या नाहीत. वाढ बहुधा गोळी सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांत दिसू लागते, समोरच्या दातांमध्ये आधी. जिथे दातच नाही तिथे ती सहसा होत नाही.

हे निदान कागदावर कितीही पटणारे असले, तरी फोलिक आम्ल दिल्याने हिरड्या वाचतात का, हे तपासणे बाकीच होते. छोट्या-मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नव्हते. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ते नीट तपासले. सहा ते पंधरा वर्षांची, नुकतीच फेनिटोइन सुरू केलेली १२० मुले त्यांनी निवडली. काहींना रोज अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल, बाकीच्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी. सहा महिन्यांनी नुसत्या गोळीच्या गटात ८८ टक्के मुलांच्या हिरड्या वाढल्या होत्या, फोलिक आम्लाच्या गटात २१ टक्के. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झाले. ध्यानात घ्यायचे ते असे की ही गोळी सुरुवातीपासून दिली होती, म्हणजे वाढ रोखण्यासाठी. एकदा टणक झालेली हिरडी त्याने विरघळते असे या अभ्यासाने म्हटलेले नाही. तिथे दातांची खोल सफाई, नियमित ब्रश आणि फारच वाढली असेल तर छोटी शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो, आणि गोळी तीच राहिली तर हिरडी पुन्हा वाढू शकते.

हे वाचून कोणी दुकानातून फोलिक आम्ल आणून सुरू करू नये. मोठ्या मात्रेत ते घेतले तर रक्तातले फेनिटोइन कमी होते आणि थांबलेली आकडी परत येऊ शकते. दुसरे असे की ज्यांना ब-१२ची कमतरता आहे (शाकाहारी घरांत ती बरीच आढळते) त्यांचे रक्त फोलिक आम्लाने वरवर सुधारते, पण नसांचे नुकसान आतल्या आत चालूच राहते. यकृतात द्रव्ये दोन आहेत हे विल्स यांनी दाखवले होते, ते इथे असे उपयोगी पडते. आणि हिरड्या वाईट दिसतात म्हणून फिटची गोळी एकदम बंद करणे तर सर्वांत धोक्याचे. लागोपाठ फिट येऊन जीवावर बेतते. गोळी बदलायची असेल तर ती मेंदूविकारतज्ज्ञाने, हळूहळू, दुसरी सुरू करत बदलायची.

डेंटिस्टपुढे मात्र काही लपवू नये. व्हॅल्प्रोएट चालू असेल तर प्लेटलेट कमी होऊन दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागू शकतो, म्हणून आधी रक्त तपासून घेतलेले बरे. कार्बामाझेपिनने काहींचे तोंड कोरडे पडते, फोड येतात. ही गोळी घेणाऱ्याला दातांच्या जंतुसंसर्गासाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले तर रक्तात कार्बामाझेपिन साचून चक्कर, झापड, दुहेरी दिसणे सुरू होते. फेनिटोइनच्या बाबतीत तशीच काळजी मेट्रोनिडॅझोलबद्दल, आणि ते दाताच्या दुखण्यावर सर्रास दिले जाते. गोळीचे पाकीटच सोबत नेले तर हे सगळे टळते.

ल्युसी विल्स यांना या हिरड्यांबद्दल काही ठाऊक असल्याची नोंद नाही. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना त्या रॉयल फ्री हॉस्पिटलची प्रयोगशाळा चालवत होत्या. १९४४ मध्ये त्यांच्या विभागालाही झळ बसली. १९४७ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या घरी बसल्या नाहीत. जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा ठिकाणी जाऊन त्या पुन्हा तेच करत राहिल्या, लोकांची ताटे पाहायची आणि रक्त तपासायचे. शेवटची दहा वर्षे त्या लंडनमधल्या चेल्सी भागात मजूर पक्षाच्या नगरसेविका होत्या. १६ एप्रिल १९६४ रोजी त्या वारल्या.

त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी, १९९१ मध्ये, ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या मोठ्या चाचणीत आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. ज्या बायकांना आधी मणक्याचे किंवा मेंदूचे व्यंग असलेले मूल झाले होते, त्यांनी पुढचा गर्भ राहण्याआधीपासून फोलिक आम्ल घेतले तर तसे व्यंग पुन्हा होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. आकडीच्या गोळ्या, विशेषतः व्हॅल्प्रोएट, घेणाऱ्या बाईला हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. त्यामुळे मूल होऊ द्यायचे ठरवण्याआधीच तिने डॉक्टरांना भेटायचे असते. दिवस राहिल्याचे कळेपर्यंत गर्भाचा मणका बहुतेक तयार होऊन गेलेला असतो.

वसईच्या बायका आजही पहाटेच्या लोकलने पालेभाजीच्या जुड्या दादरला नेतात. त्या पानांत फोलेट भरपूर असते, पण ते उकळत्या पाण्यात उतरते आणि फार शिजवले तर नष्ट होते. भाजी उकडून पाणी मोरीत ओतले तर निम्मे काम वाया जाते. कमी पाण्यात, झाकण ठेवून, थोडक्यात शिजवावी. आणि सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला रोज एक घ्यायला सांगतात त्या लाल गोळीत लोहासोबत अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल असते. दिल्लीच्या त्या मुलांना रोज दिले गेले होते तितकेच.